खुरटलेला नर

४ मार्च

ठकू,

मायना काय घालावा यातच अर्धा तास गेला. 'चिरंजीव' लिहिलं, खोडलं. 'प्रिय' लिहिलं, तेही खोडलं. शेवटी तुझ्या बाबांना विचारलं. ते म्हणाले, "नाव लिही आणि पुढे चल. चार वर्षांत तिचं नाव काही बदललेलं नाही." जन्मभर भूगोल शिकवलेल्या माणसाला सगळे रस्ते सरळच वाटतात.

काम आहे म्हणून लिहिते आहे. नाहीतर तुला त्रास दिला नसता.

जूनअखेर मी निवृत्त होते. संग्रहालयातली माझी खोली आणि भुंगेऱ्यांचे एकशे चाळीस खण नव्या माणसाच्या हवाली करायचे आहेत. तो तिशीतला आहे, हुशार आहे आणि दिसेल त्या वस्तूवर बारकोड चिकटवतो. सगळे त्याला 'बारकोड'च म्हणतात आणि तोही बिनतक्रार ओ देतो. परवा माझ्या चहाच्या कपावरही एक सापडला. त्याच्या हाती सोपवण्याआधी मी प्रत्येक खण एकदा स्वतः पाहून घेते आहे. गेल्या आठवड्यात त्यात तुझे पाच भुंगेरे निघाले.

एक नर, चार माद्या. पुठ्ठ्याच्या टोकांवर डिंकाने चिकटवलेले, खाली तुझ्या अक्षरातली लेबलं. भिंगाखाली पाय मोजले, तीसच्या तीस जागेवर होते. तिळाहून लहान किड्याचा एकही पाय न मोडता त्याला चिकटवणं सोपं नाही. तुझा हात चांगला होता, हे तेव्हा बोलायचं राहिलं.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी क्रमाने लिहिते. मला तशीच सवय आहे. वाळल्या खोडांवर फळीसारखी जी कडक बुरशी वाढते, तिच्या आत हे भुंगेरे जन्मतात, तीच खातात आणि तिथेच मरतात. नराच्या डोक्यावर दोन शिंगं. आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या प्रजातीची शिंगं मोठी, म्हणून घरात आपण त्याला 'थोरला' म्हणायचो. तुला सापडलेल्याची शिंगं आखूड, तो 'धाकटा'. तू लेख लिहिलास, की हा धाकटा म्हणजे नवी प्रजाती आहे. जर्नलच्या परीक्षकाने लिहिलं, की नवीबिवी काही नाही, जुन्या सुकलेल्या बुरशीत पोटभर खायला न मिळाल्यामुळे खुरटलेला हा थोरल्याचाच नर आहे. लेख परत आला. महिनाभरात तू ही विद्या सोडलीस, घरही सोडलंस.

तर आता ऐक. मी तो नर फोडला. एकुलता एक नर फोडायचा नाही हा माझाच नियम आणि मीच मोडला. नराच्या पोटात शेवटी एक कडक नळी असते. बाहेरून दोन भुंगेरे कितीही सारखे दिसोत, नळी प्रजातीप्रजातीला वेगळी. थोरल्याच्या नळीचं टोक चमच्यासारखं आहे. तुझ्या धाकट्याचं दुभंगलेलं आहे, चिमट्यासारखं, आणि दोन्ही पात्यांच्या आतल्या बाजूला बारीक दाते आहेत. खुरटल्यामुळे शिंग आखडेल, चमच्याचा चिमटा होणार नाही.

परीक्षक चुकला होता. प्रजाती नवी आहे आणि ती तुझी आहे.

लेख मी पुन्हा लिहून काढते. नाव फक्त तुझं राहील, माझं कुठेही नको. जर्नलच्या नियमाप्रमाणे लेखकाचं संमतिपत्र लागतं, ते सोबत आहे. खाली सही कर आणि पाठव. पाकिटावर पत्ता घालून तिकीट लावलं आहे.

आई

---

२७ मार्च

ठकू,

पत्र मिळालं असेल. टपालखातं इतकंही ढेपाळलेलं नाही.

दर रविवारी तुझा फोन आला की तुझे बाबा तो घेऊन गॅलरीत जातात आणि दार लोटून घेतात. मी स्वयंपाकघरात नळ बंद करते. तरी ऐकू येत नाही. गेल्या रविवारी विचारलं, "काय म्हणत होती?" म्हणाले, "पाण्याबद्दल बोलत होती." तू आता पाण्याचे नमुने तपासतेस, त्याचे आकडे त्यांना तोंडपाठ आहेत. "माझं पत्र मिळालं का, विचारलंत?" तर म्हणे, "मी तुम्हा दोघींचा पोस्टमन नाही. तिळाएवढ्या किड्यावरून मायलेकी चार वर्षं बोलत नाहीत, हे चारचौघांत सांगायचीही सोय नाही."

लेखाचं काम चाललं आहे. माद्यांचं वर्णन झालं: लांबी, रंग, पाठीवरचे खळगे, मिशीचे दहा सांधे. नराचं बाहेरचं वर्णनही झालं. आकृत्या व्हायच्या आहेत.

एक विचारायचं होतं. त्या वेळी तू पाचच भुंगेरे खणात ठेवलेस. तुझ्याकडे आणखी एखादा राहिला आहे का? एखाद्या कुपीत, एखाद्या जुन्या दप्तराच्या कप्प्यात? आणखी एक नर असला तर बरं पडेल. एकाच नरावर प्रजाती उभी करायची म्हणजे एका पायावर खुर्ची.

बारकोडने आपणहून एका मादीचा पाय मागितला. त्याच्या यंत्रात घालून पेशींतला मजकूर वाचता येतो म्हणे, मग नराची गरजच उरत नाही. मी दिला. काही आलं नाही. दुसरा दिला, तेव्हाही तेच. "मॅडम, हे मारताना कशात मारले होते?" मी सांगितलं, वासाच्या बाटलीत, जसे आम्ही नेहमी मारतो. मग महिनाभर दमट खोलीत. त्या वासाने आणि दमटपणाने तो मजकूर पुसला जातो हे न बोलता त्याने यंत्र बंद केलं. चांगल्या घरचा मुलगा आहे. तुला ती बाटली मीच दिली होती.

शनिवारी आम्ही दोघं त्या राईत जाऊन येतो. तुझ्या लेबलावर जागा नीट लिहिलेली आहे: पाण्याच्या टाकीपासून उत्तरेला दोनशे पावलं, पडलेलं खोड, सावलीची बाजू. इतकं चोख लेबल माझ्या हाताखालच्या दुसऱ्या कुणी लिहिलेलं नाही.

संमतिपत्राचं बघ.

आई

---

१२ एप्रिल

ठकू,

राईत जाऊन आलो. दोनदा.

टाकी आहे. उत्तरेला दोनशे पावलं चालले, तुझे बाबा मोठ्याने मोजत होते. तिथे बाकं आहेत. राईची बाग झाली आहे. पायवाटेला फरशा बसवल्यात, आणि एकही पडलेलं खोड नाही, उभं वाळलेलं झाडही नाही. राखणदाराला विचारलं. तो म्हणाला, "मेलेली झाडं दोन वर्षांमागेच काढली बाई. लोकांच्या डोक्यावर पडतात. सगळी जाळून टाकली, कीड होती त्यात."

तुझे बाबा माझ्याकडे बघत होते. मी मान डोलावली, कारण तो खोटं बोलत नव्हता. कीड होतीच त्यात.

दुसऱ्या खेपेला कुंपणाच्या पलीकडे उतारावर एक ओंडका मिळाला. त्यावर तीच बुरशी, सात फळ्या. घरी आणल्या, भोकं पाडलेल्या डब्यांत घातल्या. डबे तुझ्या खोलीत ठेवलेत, तिथे सावली बरी आहे. आठवडाभरात एकोणीस भुंगेरे बाहेर आले. तुझे बाबासुद्धा सकाळी उठल्या उठल्या डबे बघायला जायचे. एकोणीसच्या एकोणीस थोरले. एकेकाची शिंगं अशी की बैलाने मान खाली घालावी.

आता जे लपवलं ते सांगते. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं झालं आहे माझं. मागच्या पत्रात 'आकृत्या व्हायच्या आहेत' असं लिहिलं. त्या होणार नाहीत. नळी राहिलेली नाही.

नळी काढल्यावर पोटॅशच्या पाण्यात गरम करावी लागते. आजूबाजूचं मांस विरघळतं आणि कडक भाग तेवढा स्वच्छ उरतो. पहिल्यांदा गरम करून पाहिली, तेव्हा चिमटा दिसला. दहा मिनिटं बघत होते. एका बाजूला मांसाचा जरासा पडदा होता, दाते मोजता येत नव्हते. म्हणून पुन्हा वाटीत टाकली, वाटी हॉटप्लेटवर ठेवली. पाच मिनिटांचं काम. आधी चित्र काढायला हवं होतं. पहिल्या दिवशी शिकायला आलेल्या पोरांना मी हेच सांगत आले: आधी चित्र, मग सफाई.

त्या पाच मिनिटांत मी खाली कचेरीत गेले आणि तुला फोन लावला. चार वर्षांत पहिल्यांदा. तू उचलला नाहीस. पुन्हा लावला. मग खुर्चीवर बसले आणि पुढच्या वेळी उचललास तर काय बोलायचं हे जुळवत राहिले. "ठकू, तुझं बरोबर होतं" असं सुरू करावं की आधी तब्येत विचारावी, असल्या विचारात. पाचव्या वेळेनंतर घड्याळ बघितलं तर पाऊण तास झाला होता.

वर आले तर वाटी कोरडी ठणठणीत. तळाला पांढरी खपली. त्या खपलीत दोन दिवस सुईने शोधत होते. काही मिळालं नाही.

तुझा काही दोष नाही यात. अनोळखी नंबर कोण उचलतो?

आई

---

३ मे

ठकू,

बाबांकडून कळलं की पत्रं मिळताहेत. "मिळतात म्हणाली," एवढंच. वाचतेस का, हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं असलं तरी मला सांगितलं नाही. आजकाल ते मला बरंच काही सांगत नाहीत, आणि मी मागतही नाही.

लेख अडला आहे. नराची नळी नाही, चित्र नाही, फोटो नाही. माझ्या दोन डोळ्यांनी दहा मिनिटं पाहिलं, हाच काय तो पुरावा. जे टाचणीवर नाही ते नाही, असं मी आयुष्यभर लोकांना ऐकवलं. कितीकांचे लेख या एका वाक्यावर परत पाठवले, त्याची मोजदाद नाही.

ठकू, तुझाही त्यातच होता. परीक्षक मी होते.

लेख माझ्याकडे आला, कारण या भुंगेऱ्यांतलं कळणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. संपादकाला नातं कळलं नाही. तू बाबांचं आडनाव लावतेस, मी माहेरचं. मी त्याच दिवशी 'ही माझी मुलगी आहे, मला नको' असं कळवायला हवं होतं. नाही कळवलं. मला वाटलं, दुसरा कुणी तपासेल तर वरवर तपासेल, मी नीट तपासेन. आणि पास केलं तर उद्या कुणीतरी म्हणेल, आईने लेकीला पास केलं. आपल्या माणसाला मोजताना माप जास्त काटेकोर हवं, असं मला वाटायचं. तुझ्या शाळेतही मी तुझ्या बाबांना सांगितलं होतं, तुझा पेपर तपासताना हात आवरता घ्या.

म्हणून लिहिलं: खुरटलेला नर. आणि लिहिलं, लेखिकेने नर फोडून आतले अवयव तपासलेले नाहीत, सबब निष्कर्ष ग्राह्य नाही.

तो नियम तुला मीच शिकवला होता. एकच नर असेल तर तो फोडायचा नाही, दुसरा मिळेपर्यंत थांबायचं. तू थांबलीस. तुझी चूक एवढीच, की आईचं ऐकलंस.

लेख परत आला त्या संध्याकाळी तू मला विचारलंस, "आई, परीक्षकाचं पटतं तुला?" मी भाजी चिरत होते. वर न बघता म्हणाले, "म्हणणं बरोबर आहे त्याचं." त्याचं म्हणाले. नाकाने कांदे सोलणाऱ्या बाईने त्या दिवशी खरोखरचे कांदे चिरत एवढं सफाईदार खोटं सांगितलं.

हे सांगून माझ्या मनावरचं ओझं उतरेल असं वाटलं होतं. उतरलेलं नाही. सही कर किंवा करू नकोस, पण एकदा काहीतरी लिही.

आई

---

२० मे

ठकू,

तुझं पत्र आलं. तुझे बाबा दारातूनच ओरडले आणि मग पाकीट माझ्या हाती देऊन स्वतः गॅलरीत जाऊन उभे राहिले. मी पाठवलेलंच पाकीट, माझ्याच अक्षरातला पत्ता. आत संमतिपत्र, सहीची जागा कोरी. मागच्या बाजूला तुझ्या सात ओळी.

त्या मला पाठ झाल्या आहेत, पण इथे उतरवून ठेवते. म्हणजे मी काय वाचलं ते तुला कळेल.

"आई, परीक्षक तू होतीस हे मला त्याच दिवशी समजलं. अभिप्रायात 'खण एकोणचाळीसमधील नमुने पाहिले' असं लिहिलं होतं. खणाचा नंबर माझ्या लेखात नव्हताच. तू स्वतः सांगशील म्हणून मी अकरा दिवस थांबले. रोज जेवताना वाटायचं, आज सांगेल. बाराव्या दिवशी सामान बांधलं. सही करणार नाही, माझं नाव कुठेही घालू नकोस. मला किडा नको होता."

एवढंच.

तो अभिप्राय मी काल काढून वाचला. खण एकोणचाळीस, पहिल्याच परिच्छेदात. नंबर टाकल्याशिवाय माझ्याकडून वाक्य पुरं होत नाही. बाजारच्या यादीतही मी फडताळाचा कप्पा लिहिते. नाव लपवायला निघाले आणि पत्ता देऊन बसले.

ते अकरा दिवस मी आठवायचा प्रयत्न केला. काही आठवत नाही. एक दिवस तू वाढून घेतलंस आणि ताट तसंच ठेवून माझ्याकडे बघत बसलीस, ते आठवतं. मी म्हणाले, "निवतंय, जेव." बाकीचे दहा दिवस कुठे गेले ते माहीत नाही. तू मोजत होतीस आणि मी जेवत होते.

आता एक उरलं आहे. मागच्या पत्रात मी माप काटेकोर हवं वगैरे लिहिलं, ते खोटं नाही, पण पुरं खरंही नाही. तुला कोऱ्या कागदाचं उत्तर द्यायचं तर पुरं खरं द्यायला हवं.

तेहतीस वर्षं मी त्या राईत हिंडले. त्याच खोडांवरून हात फिरवला, त्याच फळ्या फोडल्या. मला एकही नवी प्रजाती मिळाली नाही. लोकांनी आणलेल्या नव्या प्रजातींना मी नावं दिली, माझ्या स्वतःच्या हाताने एकही निघाली नाही. आणि तू पहिल्याच वर्षी, एका दुपारी, डबा खाता खाता काढलीस. तू घरी येऊन दाखवलंस तेव्हा मी 'बघू' म्हणाले. नंतर खणातला नमुना भिंगाखाली धरला, तेव्हा पाठीवरचे खळगे वेगळे दिसले होते मला. शंका आली होती, ठकू. तेवढी शंका मला दुसऱ्या कुणाच्या भुंगेऱ्याबद्दल आली असती तर मी लिहिलं असतं, दुसरा नर मिळेपर्यंत लेख राखून ठेवा. तुझ्यासाठी लिहिलं, खुरटलेला.

मत्सर असा शब्द आहे. आई हा शब्द त्याच्याशेजारी ठेवला की कुणालाच पटत नाही, म्हणून मला चार वर्षं लपायला जागा मिळाली.

तुझ्या बाबांना आज सगळं वाचून दाखवलं. ते म्हणाले, "मला तिने सांगितलं होतं. गेली त्याच दिवशी." म्हणजे या घरात न सांगण्याची कला फक्त माझ्याचकडे होती असं नाही.

आई

---

९ जून

ठकू,

उत्तर मागत नाही. लिहायची सवय लागली आहे, एवढंच समज.

गेल्या आठवड्यात मी चित्र काढलं, आठवणीतून. दोन पाती, आतल्या बाजूला दाते, बुडाशी फुगीर भाग. डाव्या पात्याचे दाते नीट दिसले होते, सहा. उजव्या बाजूला पडदा होता, तिथेही सहाच काढले. छान उतरलं. हात अजून थरथरत नाही. बारकोडने पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, हे तर झालं की! पाठवून द्या. नळी हाताळताना हरवली असं लिहा, असं होतं कधीकधी, लोक मान्य करतात."

मी सांगितलं, हे बघून काढलेलं नाही, आठवून काढलंय.

"पण तुम्ही पाहिलंत ना?"

"पाहिलं."

"मग?"

त्याचं बरोबर आहे. आणि कोण विचारणार होतं? मला ओळखणारे माझ्या चित्रावर डोळे मिटून विश्वास ठेवतील. प्रजाती नोंदली जाईल, तुझी ती खोडं जळून गेली तरी निदान नाव राहील. दोन दिवस लेख पाकिटात भरून टेबलावर ठेवला होता.

पण उजव्या पात्याचे सहा दाते मी पाहिलेले नाहीत. आणि 'माझं नाव घालू नकोस' असं तू लिहिलं आहेस, म्हणजे तो माझ्या नावावर जाणार. एवढं सगळं झाल्यावर तुझा भुंगेरा माझ्या नावावर. पाकीट फोडलं. चित्राच्या मागे लिहिलं, 'आठवणीतून. पुरावा नव्हे.' आणि ते खणात ठेवून दिलं. मला माहीत आहे की यामुळे तुझा धाकटा कायमचा बिननावाचा राहील. खरं वागायला मी फार उशिरा सुरुवात केली आणि त्याची शिक्षा त्या किड्याला झाली.

मग दुसरं सुचलं. संपादकाला पत्र लिहिलं. चार वर्षांमागे माझ्या मुलीचा लेख माझ्याकडे परीक्षणाला आला होता, मी नातं लपवलं, शंका असताना तो नाकारला, माझा निकाल चुकीचा होता. हे माझ्या नावानिशी छापा. निवृत्तीच्या आधी छापा, म्हणजे मी नामानिराळी राहिले असं कुणाला वाटायला नको.

तुझे बाबा म्हणाले, "लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, ते म्हणतील त्याचाच विचार करून इथवर आलो.

आई

---

३० जून

ठकू,

आज किल्ल्या दिल्या. बारकोडने सह्या घेतल्या, एकशे चाळीस खणांच्या एकशे चाळीस. एकोणचाळीसच्या सहीला मी थांबले, तर त्याने मान दुसरीकडे वळवली. तुझ्या चार माद्या आणि एक फोडलेला नर आता 'अनिश्चित' या गटात आहेत. महिन्याभरात हे सगळे खण शहराबाहेरच्या गोदामात जाणार. तिथे फारसं कुणी जात नाही.

निरोपाला दोघातिघांनी भाषणं केली. एकाने सांगितलं, बाईंच्या नजरेतून चुकीचं काही सुटलं नाही.

संपादकाचं उत्तर आलं. सभ्य माणूस आहे. लिहितो, की नाकारलेल्या लेखांची कागदपत्रं तीन वर्षांनी नष्ट करतात, त्यामुळे असा लेख आला होता याची नोंदच आता नाही. शिवाय जे कधी छापलंच नाही त्याची दुरुस्ती छापता येत नाही. तुमच्या प्रामाणिकपणाबद्दल आदर वाटतो, निवृत्त आयुष्यासाठी शुभेच्छा.

म्हणजे मी केलं ते कुठेच झालेलं नाही. त्यांच्या दफ्तरी तुझा लेख नाही, माझा अभिप्राय नाही, राईत खोडं नाहीत, वाटीत नळी नाही. मी कबूल करायला गेले तर गुन्हाच घडलेला नाही. रडावं तर कुणाजवळ, असं झालं. घरी येऊन तुझ्या बाबांजवळच रडले. त्यांनी पाणी आणून दिलं आणि म्हणाले, "रविवारी मी फोन देऊ का तुझ्याकडे?" मी नको म्हणाले. तू माझ्यासाठी फोन करत नाहीस, तो त्यांचा आहे. त्यात मी हात घातला तर तोही बंद होईल.

डबे अजून तुझ्या खोलीत आहेत. आता त्यांतून काही निघत नाही. बुरशीचा भुगा झाला आहे. तो उद्या टाकून देईन आणि खोली पुसून घेईन. तू येशील म्हणून नव्हे. भुग्याला दुसरी कीड लागते.

छापायला जागा मिळाली नाही, म्हणून जे छापायचं होतं ते तुलाच लिहून पाठवते. शास्त्रात याला काडीची किंमत नाही. तू वाचशील की पाकीट न फोडता ठेवशील, तेही मला कळणार नाही.

दुरुस्ती.

चार वर्षांपूर्वी एका तरुण अभ्यासिकेने बुरशीत राहणाऱ्या भुंगेऱ्याची एक नवी प्रजाती शोधली होती. लांबी पावणेदोन मिलिमीटर. रंग तांबूस तपकिरी. पाठीवरचे खळगे विरळ आणि उथळ. नराची शिंगं आखूड, टोकं आत वळलेली. नळी दुभंगलेली. डाव्या पात्याला सहा दाते, उजवीकडचे मोजता आले नाहीत. आढळ: एक राई, आता नाही. परीक्षकाने हा खुरटलेला नर ठरवला. तो पूर्ण वाढलेला होता. अभ्यासिकेचं म्हणणं पहिल्यापासून बरोबर होतं, आणि परीक्षकाला ते तेव्हाच दिसलं होतं.

परीक्षक: आई